‘नाही’ची पावती

नोव्हेंबर लागला की आमच्या घरात एकच विषय असतो, मायचा हयातीचा दाखला.

वडील जिल्हा परिषदेत शिपाई होते. ते गेल्यापासून मायला त्यांची फॅमिली पेन्शन मिळते. ती चालू राहावी म्हणून दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे तिनं दाखवून द्यायचं. सुरुवातीला बँकेत जाऊन साहेबासमोर सही केली की काम व्हायचं. नंतर मशीन आलं. आधार नंबर टाकायचा, बोट ठेवायचं, हिरवा दिवा लागला की माणूस जिवंत.

गेल्या वर्षी हिरवा दिवा लागला नाही. उजवा अंगठा झाला, डावा झाला, मग दहाही बोटं झाली. काउंटरवरच्या पोरानं ओल्या फडक्यानं बोटं पुसून घेतली, मग कोरड्या. शेवटी म्हणाला, "आजी, जुळत नाहीये. आधार अपडेट करून या."

माय अहिराणीत म्हणाली, "मी त आठेच उभी शे ना, भाऊ. मरेल माणूस इतल्या पायऱ्या चढस का?"

रांगेतले लोक हसले. पोरगाही हसला. पण दाखला काही झाला नाही.

नंदुरबारची मिरची सगळ्यांना माहीत आहे. पथारीवर मिरचीची देठं खुडणाऱ्या बायांचे हात किती जणांनी जवळून पाहिलेत, माहीत नाही. वडील नोकरीत कायम होईपर्यंत माय वीसेक वर्षं पथारीवर जात होती. संध्याकाळी घरी आली की हात तेलात बुडवून बसायची, लहान भावाला जवळ घ्यायची नाही, कारण त्याचे डोळे झोंबायचे. त्या देठांनी तिच्या बोटांच्या रेषा नेल्या. आता त्याच रेषा सरकारला हव्या आहेत.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान किअर स्टार्मर मुंबईला येऊन गेले. त्याआधी २६ सप्टेंबरला त्यांनी लंडनमध्ये जाहीर केलं होतं की ब्रिटनमध्ये डिजिटल ओळखपत्र आणणार, नोकरी करायची तर ते लागणार. मुंबईत ते आधारचे पहिले प्रमुख नंदन नीलेकणी यांना भेटले, आधारचं कौतुक केलं. झालं! आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस एकच मेसेज फिरत होता की ज्यांनी आपल्यावर राज्य केलं ते आता आपल्याकडे शिकायला आले. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. आमच्याच जिल्ह्यात सुरू झालेली गोष्ट आहे ती.

पण त्याच वेळी तिकडं काय चाललं होतं तेही बघा. हे ओळखपत्र आणू नका, अशा मागणीच्या अर्जावर पंचवीस लाखांहून जास्त ब्रिटिश नागरिकांनी सह्या केल्या. आपल्यातल्या एका मित्रानं लिहिलं, "यांना काय लपवायचंय एवढं?" मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग जरा वाचत बसलो.

ब्रिटननं हे एकदा अनुभवलंय. १९३९ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिथं प्रत्येकाला ओळखपत्र दिलं गेलं. रेशनिंग त्यावर चालायचं, लोकांनी मुकाट घेतलं. युद्ध १९४५ साली संपलं, कार्ड काही संपलं नाही. पोलिस कुठेही थांबवून ‘कार्ड दाखव’ म्हणायला लागले. डिसेंबर १९५० मध्ये क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या माणसाची गाडी पोलिसानं अडवली आणि कार्ड मागितलं. तो काही क्रांतिकारक नव्हता, कपडे ड्रायक्लीन करणाऱ्या कंपनीत मॅनेजर होता. त्यानं दाखवायला नकार दिला. खटला वरच्या कोर्टात गेला. कायद्याप्रमाणे तो दोषी ठरला, पण युद्धासाठी केलेला कायदा शांततेत असा वापरल्याबद्दल खुद्द सरन्यायाधीशांनी सुनावलं. फेब्रुवारी १९५२ मध्ये कार्डं रद्द झाली.

पुढे टोनी ब्लेअर यांच्या सरकारनं २००६ मध्ये पुन्हा कायदा केला. त्यावर वर्षानुवर्षं भांडण झालं, सरकार बदललं, २०१० मध्ये नव्या सरकारनं तो कायदा मोडीत काढला आणि लोकांची जमा केलेली माहिती ज्या हार्ड डिस्कवर होती त्या चक्क यंत्रात घालून तुकडे तुकडे केल्या. म्हणजे तिथला वाद काही लपवण्याचा नाही. ते विचारतात की कार्ड कशासाठी, ते कोण मागू शकेल आणि नसेल तर माझं काय होईल. पटो न पटो, प्रश्न आधी विचारले जातात.

आपल्याकडे काय झालं? इथं मला माझंच एक जुनं कात्रण काढावं लागतं.

२९ सप्टेंबर २०१०. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली गाव. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातला पहिला आधार नंबर एका आदिवासी बाईला दिला गेला. मी तेव्हा तिशीच्या आतबाहेर होतो, पत्रकारितेची पदविका करून एका पेपरसाठी बातम्या पाठवत होतो. गावात तोवर कधी पंतप्रधान आलेले नव्हते. रस्ते झाले, खांब उभे राहिले, आम्हा पत्रकारांना गळ्यात घालायला पास मिळाले. मी बातमी दिली ती सगळी आनंदाची. टेंभली जगाच्या नकाशावर वगैरे. अंगठा जुळला नाही तर काय, हा एक प्रश्न मला त्या गर्दीत कुणाला विचारावासा वाटला नाही.

पुढं दर काही वर्षांनी बाहेरचे पत्रकार त्या बाईंकडे जात राहिले आणि साधारण एकच गोष्ट घेऊन परतत राहिले. नंबर मिळाला, हाताला काम नाही मिळालं.

माझं कात्रण मात्र टेंभलीचं नाही, त्यानंतरचं आहे. आमच्या भागात नोंदणीचे कॅम्प लागले तेव्हाचं. एका शाळेत कॅम्प होता, मायला मीच घेऊन गेलो होतो. ऑपरेटर पोरगा तिची बोटं काचेवर दाबून दाबून थकला आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या हाताला रेषाच नाहीत, नशीब कुठं लिहिलंय मग?" सगळे हसले. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी दुसऱ्या दिवशी त्याची चौकट केली. ‘कॅम्पातील गमतीजमती’ अशा मथळ्याखाली छापून आली. मायला वाचूनही दाखवली.

ती गंमत नव्हती, बातमी होती. ती माझ्यासमोर उभी होती, माझी आईच होती, आणि मी तिची गंमत करून टाकली. आणि ज्या दिल्लीला आपण रोज शिव्या घालतो, तिथं कुणाच्या तरी ते लक्षात आलं होतं. यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनं डिसेंबर २०११ मध्ये आधारच्या विधेयकावर अहवाल दिला. कायदा होण्याआधीच नोंदणी कशी सुरू केली, हा त्यातला एक आक्षेप. अंगमेहनत करणाऱ्यांचे ठसे मोठ्या प्रमाणात जुळणार नाहीत, हेही त्यात लिहिलेलं आहे. समितीनं विधेयक आहे त्या रूपात नाकारलं. नोंदणी मात्र सुरूच राहिली.

२०१२ साली कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी सर्वोच्च न्यायालयात गेले. वय ऐंशीच्या पुढे. २३ सप्टेंबर २०१३ ला कोर्टानं अंतरिम आदेश दिला की आधार नाही म्हणून कुणाचं अडवू नका. मला आठवतं, त्यानंतरही आमच्या तालुक्यात गॅसवाल्यापासून शाळेपर्यंत सगळे आधार मागतच होते. ‘ऐच्छिक’ हा शब्द आम्ही पेपरात छापत होतो आणि काउंटरवर कुणी ऐकत नव्हतं.

कायदा आला २०१६ मध्ये, तोही धन विधेयक म्हणून. म्हणजे राज्यसभेनं सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेनं फेटाळल्या की विषय संपला, आणि तसंच झालं. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक असा आधारचा निकाल दिला. सरकारी अनुदान आणि लाभांसाठी आधार चालेल, सिमकार्ड आणि बँक खात्याला त्याची सक्ती करता येणार नाही. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड एकटे विरोधात होते, धन विधेयकाचा मार्ग म्हणजे संविधानाशी फसवणूक, असं त्यांचं मत.

तोवर शंभर कोटींच्या वर लोकांनी बोटं दिली होती. सगळं बांधून झाल्यावर पाया तपासायला घेतला, तर पाडा कोण म्हणणार?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की पत्रकाराला फक्त रडगाणंच येतं.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर मी अशी माणसं पाहिलीत ज्यांच्याकडे आधारआधी सरकारचा एकही कागद नव्हता. ना जन्माचा दाखला, ना शाळेचा. तहसीलमध्ये त्यांना कुणी उभं करत नसे. त्यांना पहिल्यांदा फोटो असलेला कागद मिळाला तो हाच. जन्मतारीख कुणालाच माहीत नाही, म्हणून अंदाजे वय घेऊन अख्खा पाडा एक जानेवारीला जन्मलेला. असू दे. पण त्या कागदावर बँकेत खातं उघडलं, मजुरीचे पैसे मधल्या मुकादमाच्या हातून न येता खात्यात यायला लागले. रेशनच्या यादीत मेलेल्यांच्या नावावर धान्य उचलणारे दुकानदार मी स्वतः छापलेत. आज पाड्यावरच्या माणसाचं धान्य परस्पर दुसऱ्यानं उचलणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. हे नाकारणारा माणूस कधी रेशनच्या रांगेत उभा राहिला नसेल.

म्हणून ‘आधार असावं की नसावं’ हा वाद मला आता फारसा कामाचा वाटत नाही. १३० कोटींहून जास्त नंबर दिले गेलेत. माझा प्रश्न एवढाच आहे की मशीन ‘नाही’ म्हणतं तेव्हा चूक कुणाची धरायची?

मार्च २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाच्या प्रमुखांनीच सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की सरकारी सेवांमध्ये ओळख पटण्याचं प्रमाण ८८ टक्के आहे. परीक्षेत ८८ टक्के म्हणजे आपण पेढे वाटू. पण इथं उरलेले बारा म्हणजे पुन्हा खेटा घालणारी माणसं. काहींचं दुसऱ्या वेळी जुळतं, काहींचं ओटीपीवर भागतं, आणि काही जण मोबाइल नाही, सोबत कुणी नाही म्हणून तसेच घरी जातात. त्यात ज्यांचे हात राबून झिजलेत तेच जास्त. माझा अंगठा पहिल्या फटक्यात जुळतो. मी आयुष्यभर पेन धरलंय.

सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी गेली. घरचं रेशनकार्ड आधारशी जोडलेलं नव्हतं म्हणून रद्द झालं होतं. घरचे म्हणाले भुकेनं गेली, सरकार म्हणालं मलेरियानं. तो वाद राहू द्या, रेशन बंद होतं हे तर खरं ना? त्यानंतर महिनाभरात आधार प्राधिकरणानं परिपत्रक काढलं की बोट जुळलं नाही किंवा आधार नाही म्हणून कुणाला लाभ नाकारू नका, दुसऱ्या मार्गानं ओळख पटवा, वहीत नोंद ठेवा. चांगलं परिपत्रक आहे. मी आजवर एकाही रेशन दुकानात किंवा बँकेच्या काउंटरवर ते लावलेलं पाहिलेलं नाही.

आता परत मायकडे येतो, कारण खरी गोष्ट अजून सांगायचीच आहे. हे लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

आधार केंद्रावर दोन खेटे झाले. एकदा सर्व्हर डाऊन, एकदा टोकन संपलेले. डिसेंबर गेला, पेन्शन थांबली. जानेवारीत मायची बीपीची गोळी आणायला गेलो तेव्हा ती म्हणाली, राहू दे, अर्धी अर्धी घेते. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. तिला गाडीवर बसवलं, बँकेत गेलो (नाव लिहीत नाही, कुठलीही घ्या) आणि सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरलो. मी काही बोलायच्या आधी खिशातून ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

आधार नाही. माझं प्रेसचं कार्ड.

साहेब उठून उभे राहिले. "अरे सर, आधी नाही का सांगायचं!" मायला खुर्ची दिली, पाणी दिलं. एक छापील कागद काढला, त्यावर मायची सही घेतली, स्वतःची सही-शिक्का मारला. दहा मिनिटं. तो कागद त्याच कपाटात होता. नोव्हेंबरातही होता. बोट जुळलं नाही तर सहीवर काम होतं, हे फक्त मायला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे माझी आई जिवंत आहे याचा पुरावा तिचं बोट नव्हतं, तिचा आवाज नव्हता, ती स्वतःही नव्हती. पुरावा होतं माझ्या खिशातलं कार्ड.

बाहेर पडताना पायरीवर एक म्हातारी बसलेली होती. डोंगरातली असावी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार. तिनं मला अंगठा दाखवला आणि मान हलवली, जुळत नाही म्हणून. मी काय केलं असेल? "मॅनेजरला भेटा," म्हणालो आणि गाडीला किक मारली. मायला घरी सोडायचं होतं, संध्याकाळची बातमी द्यायची होती. मी परत आत जाऊन तिच्यासाठी तो दुसरा कागद मागू शकलो असतो. दहा मिनिटांचं तर काम होतं.

मायनं रस्त्यात विचारलं, "ती बाईनं काय व्हई?" मी उत्तर दिलं नाही.

म्हणून मंडळी, आता नुसतं भाष्य नको. काही साध्या मागण्या आहेत, त्यांना नवा कायदा लागत नाही की दिल्लीला जावं लागत नाही.

पहिली. प्रत्येक रेशन दुकान, बँक, सेवा केंद्रात मराठीत मोठ्या अक्षरांत फलक लावा की बोट जुळलं नाही तर पुढचा मार्ग काय. ओटीपी, डोळ्यांची तपासणी, चेहरा, कागदावर सही, जे असेल ते.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. बोट जुळलं तर मशीनमधून पावती निघते. नाही जुळलं तर काहीच मिळत नाही. माणूस रिकाम्या हातानं घरी जातो आणि तो आला होता याचाही पुरावा उरत नाही. उद्या तहसीलमध्ये तक्रार करायची तर कशाच्या जोरावर? ‘नाही’चीही पावती द्या. तारीख, वेळ, कारण, आणि नाही म्हणणाऱ्याचं नाव. एकदा नाव लिहावं लागलं की बऱ्याच ‘नाही’चे ‘हो’ होतात, हे आपण सगळे जाणतो.

तिसरी. किती जणांना परत पाठवलं याचा आकडा दर महिन्याला तहसीलच्या फलकावर लागू द्या. किती जुळले ते सरकार सांगतंच, किती परत गेले तेही सांगा.

ब्रिटनवाले आपल्याकडून शिकायला आले असतील तर त्यांना हेही दाखवायला हवं होतं. टेंभलीचा फोटो दाखवला, तशी बँकेची ती पायरीसुद्धा.

या वर्षीचं सांगायचं राहिलं. भाच्यानं मोबाइलवर चेहऱ्याचं ॲप घेतलं. मायला अंगणात उजेडात बसवलं. ॲप म्हणतं पापण्या मिटा, उघडा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून ती डोळे जपते, दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा झालं. दाखला निघाला, सगळे खूश. माय मात्र म्हणाली, "औंदा डोळा मिटीसन दाखाडा. पुढला साले काय दाखाडू?"

या महिनाअखेरपर्यंत रोज सकाळी एक तास मी वही घेऊन बँकेबाहेर त्याच पायरीवर बसणार आहे. ज्यांचं जुळलं नाही त्यांची नोंद करीन आणि ज्याला हवा त्याच्यासोबत आत जाऊन तो दुसरा कागद मागीन. प्रेसचं कार्ड घरी ठेवून. बघू, त्याच्याशिवाय कागद मिळतो का.

तुमच्या घरात, गल्लीत असं कुणी असेल तर पाठवा. आणि ती म्हातारी कुणाला दिसली, प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार गुंडाळून ठेवणारी, तर तिला सांगा, मी तिथंच आहे.